मदत हवी आहे: पायथनमधे स्ट्रिंगच्या (म्हणजे अक्षरांच्या ओळीच्या) मधली अक्षरं बदलायचीत, मराठीत गोंधळ होतोय

नमस्कार मंडळी, सोलापुरात मामांचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे, त्यांच्या बिलांसाठी पायथनमधे छोटा प्रोग्राम लिहितोय, त्यात गिऱ्हाइकाचा नंबर आणि नाव अर्धवट झाकून प्रिंट करायचंय. स्ट्रिंग जागच्या जागी बदलता येत नाही, नंबर[2:8] = '******' (तिसऱ्या ते आठव्या आकड्याच्या जागी स्टार) लिहिलं की टाइपएरर येतो, हे कळलं, म्हणून नंबर[:2] + '******' + नंबर[8:] असं जोडून घेतलं, ते झकास चालतंय.

खरी डोकेदुखी मराठी नावांची. टेस्टिंगला 'सोलापूर' टाकलं, डोळ्याला अक्षरं चार पण लेंथ (लांबी) येते 7, कारण काना-मात्रा वेगळे मोजतो तो. नाव[:1] + '**' + नाव[3:] केलं तर ओकार आणि ल गायब, आणि ल चा काना बिचारा स्टारला लटकतोय! मला पाहिजे सो**र.

रेजेक्स (regex) नावाचं वेगळं मॉड्यूल (पायथनला जोडायचा तयार कोड) आहे, त्यात बॅकस्लॅश कॅपिटल एक्सनं (\X) अख्खं अक्षर पकडता येतं म्हणे. कुणी वापरलंय का? जोडाक्षरं पण नीट धरतं का, म्हणजे 'लक्ष्मी' मधला क्ष्मी एकच धरेल की तुकडे पाडेल? का सरळ मात्रा तपासत लूपच फिरवू? दुकानातला कॉम्प्युटर जुनाट आहे, जड काही नको. सांगा की ओ कुणीतरी.