डाल्मेशियन कुणाचा? क्लबचा?

ठिपकेवाला:
आमच्या डाल्मेशियन कुत्र्याला चौथ्या वर्षी मुतखडा. लघवी अडली, रात्री अकराला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, या जातीच्या रक्तातच आहे हे, युरिक अ‍ॅसिडचं पुढे विघटनच नीट होत नाही. मग वाचत गेलो आणि डोकं फिरलं. अमेरिकेत जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३ मध्येच डाल्मेशियनचा पॉइंटर या शिकारी जातीशी एकदा संकर केला, पुढे दर पिढीत जोडी डाल्मेशियनचीच. पाचव्या पिढीत पॉइंटर उरला जेमतेम ३ टक्के, आणि दोष नसलेली पिल्लं हाताशी. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने १९८१ मध्ये त्यातली दोन नोंदवली. यावर या जातीचा स्वतःचा क्लब, डाल्मेशियन क्लब ऑफ अमेरिका, त्याच्या सभासदांनी गदारोळ केला आणि नोंदणी बंद पडली. परत दार उघडलं २०११ मध्ये. असला क्लब हवा कशाला?

जुना_ब्रीडर:
ऑपरेशनचं वाचून वाईट वाटलं. पण १९०५ पासून हा क्लब नसता, तर तुमच्या हातात 'डाल्मेशियन' म्हणून काय आलं असतं? ठिपक्यांचं गावठी. (गावठी तब्येतीने बरं, हे मान्य.) आज पॉइंटर घेतला, उद्या कुणी लॅब्राडोर आणेल. वंशावळीची वही एकदा उघडली की मिटत नाही, म्हणून सभासद बिचकले. आणि २००६ मध्ये या विषयावरची चर्चा पुन्हा खुली केली ती क्लबनेच.

खाटेखाली_झोपणारा:
वहीचं सोडा हो, नियमांचं बोला. जन्मतः मोठा काळा डाग असलेलं पिल्लू क्लबच्या मानकानुसार शोमधून बाद. अशा डागवाल्यांत बहिरेपणा कमी आढळतो! अमेरिकेतल्या चाचण्यांत सुमारे ८ टक्के डाल्मेशियन दोन्ही कानांनी बहिरे, आणखी २२ टक्के एका कानाने. म्हणजे ऐकू येण्याची शक्यता जास्त असलेलं पिल्लूच आपण बाजूला काढतो.

जुना_ब्रीडर:
डागवाले चालवले तर दहा पिढ्यांत ठिपके राहतील का? आणि कानांची चाचणी करा म्हणून ब्रीडरांच्या मागे लागतं कोण? क्लबच ना?

ठिपकेवाला:
लागतो, मान्य. पण कान तपासायला सांगणं सोपं, त्यात वही उघडावी लागत नाही. परवा एका ब्रीडरला विचारलं, पिल्लाच्या आईबापांची युरिक अ‍ॅसिडची जनुक चाचणी केलीय का? म्हणाला, "साहेब, वंशावळीचे कागद आहेत ना!"