क्षयरोग शिबिरात एक्स-रे एआयनेच वाचावा, रेडिओलॉजिस्टची वाट पाहू नये

गवाक्ष:
जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्येच १५ वर्षं आणि त्यावरच्या माणसांचे छातीचे एक्स-रे क्षयरोगासाठी संगणकाकडून वाचून घ्यायला हिरवा कंदील दाखवला. आता साडेतीन किलोचं, हातात धरायचं एक्स-रे यंत्र आहे, एआय सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप आहे आणि फुप्फुसात क्षयासारख्या खुणा किती दिसतात याचा ० ते १ मधला स्कोअर मिनिटभरात मिळतो. तरीही फिल्म जिल्ह्याला पाठवून रिपोर्टची वाट पाहायची हौस का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के लोक एक्स-रे नसता तर निसटले असते. नुसतं 'खोकला आहे का, ताप येतो का' विचारून ते हाती लागत नाहीत. रिपोर्ट येईतो माणूस ऊसतोडीला गेलेला असतो. स्कोअर कटऑफच्या, म्हणजे आधी ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला, की तिथेच थुंकीची डबी हातात द्यावी.

आकडेमोडे:
आधी एक गोष्ट. ०.६२ स्कोअर म्हणजे क्षय असण्याची ६२ टक्के शक्यता नव्हे. शिबिरात हे सर्रास तसंच सांगितलं जातं आणि माणूस हबकतो.

आता हिशोब. अशा चाळणी चाचणीकडून किमान अपेक्षा असते ती १०० रुग्णांतले ९० पकडण्याची आणि १०० निरोगींतल्या ७० जणांना मोकळं सोडण्याची. त्याच राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमध्ये लाखाला ३१६ फुप्फुसाचे क्षयरुग्ण निघाले, म्हणजे हजारी तीन. गावातले हजार लोक यंत्रासमोर उभे केले तर तीन रुग्णांसाठी जवळपास ३०० जणांना उगाच नॅटला, म्हणजे थुंकीत क्षयाच्या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीला पाठवाल. दर चाचणीला लागणाऱ्या एवढ्या चिप आणि कार्ट्रिज कुठून आणणार?

गवाक्ष:
अख्खं गाव कोण उभं करतंय? डिसेंबर २०२४ ला सुरू झालेल्या १०० दिवसांच्या क्षयरोग मोहिमेतही जोखमीचे गट निवडलेच होते: रुग्णाच्या घरातले, मधुमेही, साठीपुढचे, विडी-सिगारेटवाले, पूर्वी क्षय होऊन गेलेले. अशा गटात हजारी दहा रुग्ण धरा. नऊ सापडतील, २९७ उगाच जातील. एका रुग्णामागे ३४ नॅट. यंत्र नसेल तर शंभर लागतील.

आकडेमोडे:
हिशोब बरोबर, पण गट बघा ना कुठला निवडलाय! पूर्वी क्षय झालेल्यांच्या फुप्फुसाच्या वरच्या भागात जुना व्रण आणि आकसलेला भाग राहतो. यंत्राला तो नव्या आजारासारखा दिसतो. वयस्कांमध्येही चुकीचे इशारे वाढतात, खडीक्रशरवर काम करणाऱ्यांमध्ये सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) आडवा येतो. म्हणजे ७० टक्क्यांचा आकडा कोलमडतो तो नेमका तुमच्याच गटात. निदान एवढे एक्स-रे तरी माणसाने बघावेत, शक्य तिथे जुनी फिल्म शेजारी ठेवून.

शिसपट:
दोघेही स्कोअरवर भांडताय, फोटोवर कोणी बोलत नाही. पेशंट वाकडा उभा असेल तर एक फुप्फुस काळं, एक पांढरं येतं. गळ्याच्या दोन्ही हाडांची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर हवीत. पूर्ण श्वास घेतलेला हवा, मागच्या ९-१० बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. खांदे पुढे काढले नाहीत तर खांद्याची पाती फुप्फुसावर येते. वेणी, ताईत, मंगळसूत्र, शर्टाचं बटण यांचे डाग तर नेहमीचेच. खोलीत नळी १८० सेंमीवर असते, शाळेच्या वर्गात जागा नाही म्हणून जवळ आणतात आणि हृदय उगाच मोठं दिसतं. आणि कृपा करून व्ह्यूबॉक्सवरच्या (फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीवरच्या) फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो व्हॉट्सॲपवरून यंत्राला खायला घालू नका. एक्स-रे यंत्रातून निघणारी मूळ डायकॉम फाइलच द्या.

बेडका:
+१. आता प्रयोगशाळेची बाजू. सीबीनॅट म्हणजे कार्ट्रिजवर चालणारं नॅटचं यंत्र; चार कप्प्यांच्या सीबीनॅटला एक फेरी जवळपास दोन तासांची, म्हणजे आठ तासांत १६ नमुने. तुमचे ३०० नमुने म्हणजे एका यंत्राचे १९ दिवस, रोजचे पेशंट बाजूला ठेवून! गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे चिपवरचं नॅट यंत्र बॅटरीवर चालतं म्हणून शिबिराजवळ नेता येतं, पण चिप तिथेही लागतेच.

त्यात निम्मी भानगड नमुन्याची. लक्षणं नसलेल्या माणसाला बेडका (छातीतून येणारा घट्ट कफ) सहसा येतच नाही, तो डबीत लाळ टाकतो. चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढा असं उभं राहून सांगावं लागतं. लाळेचा नमुना निगेटिव्ह आला म्हणून माणूस मोकळा, असं धरू नये.

गवाक्ष:
मग कटऑफ वर न्या. रोज १६ नॅट होत असतील तर त्या हिशोबाने.

आकडेमोडे:
आणि निसटलेल्यांचं काय? कटऑफ प्रयोगशाळेच्या सोयीने ठरवायचा तर तसं लेखी नोंदवा, 'यंत्राने सांगितलं' म्हणू नका. शिवाय सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की तोच एक्स-रे वेगळा स्कोअर देऊ शकतो. जुना कटऑफ तसाच ठेवला तर एका अपडेटने नॅटला पाठवलेले लोक दुप्पट किंवा निम्मे होऊ शकतात आणि महिनाभर कोणाच्या लक्षात येणार नाही. अपडेटनंतर निकाल माहीत असलेले जुने एक्स-रे पुन्हा चालवून बघा. हे कंत्राटातच लिहून घ्यायला हवं.

गवाक्ष:
अपडेटचं मान्य. जुन्या रुग्णांचे एक्स-रे माणसाने बघावेत, हेही एक वेळ मान्य, पण थुंकी त्याच दिवशी घेऊन. रिपोर्टसाठी नमुना अडवायचा नाही.

बेडका:
आणि दोन आठवड्यांचा खोकला असेल तर स्कोअर ०.०५ असला तरी नमुना घ्या. एचआयव्ही असलेल्याचा एक्स-रे स्वच्छ दिसूनही क्षय असू शकतो. मानेला गाठ असेल तर यंत्राचा संबंधच नाही, सुईने गाठीतला नमुना घ्यावा लागतो.