इंटर्नशिपचं वर्ष वॉर्डात घालवायचं की नीट पीजीच्या एमसीक्यूंत?

रात्रपाळीवाला: परवा लेबर रूमची नाईट संपवून रूमवर आलो, तर रूममेट कानात हेडफोन घालून नीट पीजीचे, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेशपरीक्षेचे, बहुपर्यायी प्रश्न सोडवतोय. पोस्टिंग त्याचीही तिथेच. आठवड्यातून दोनदा उगवतो, लॉगबुकावर सह्या घेतो, गायब. एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत हे एकच वर्ष असं आहे की हातून चुकलं तर मागे सिनियर उभा असतो. ते ४२ मिनिटांत ४० प्रश्नांच्या सरावात घालवणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा.

रँकचा भुकेला: मूर्खपणा? दोन लाखांवर मुलं बसतात. एक उत्तर चुकलं की चार मार्क हुकतात नि वर एक कापला जातो, तेवढ्यात शेकडो रँक खाली. सरकारी सीट हुकली तर खासगीची फी माझ्या बाबांना झेपणारी नाही. आणि वॉर्डात आपण शिकतो काय? सॅम्पल घेऊन लॅबला पळ, रिपोर्ट आण, ट्रॉली ढकल. याला शिकणं म्हणत असाल तर कोपरापासून नमस्कार.

पीएचसीतला एमओ: मीही असाच लायब्ररीत बसलो होतो, कॅज्युअल्टी टाळून. मग बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेत, पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू झालो. तिसऱ्याच रात्री शेतातून बाई आणली, घोट्याजवळ सर्पदंश. रक्त गोठतं का ते बघायची २० मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट तोंडपाठ होती हो! पण कोरडी काचेची टेस्ट ट्यूब कुठल्या कपाटात असते, ते चार पर्यायांत नव्हतं. सिस्टरांनी काढून दिली. ती २० मिनिटं हलवायची नसते, माझा हात सारखा पुढे जायचा आणि सिस्टर म्हणायच्या, "सर, राहू द्या." शेवटी तिरपी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल सलाईनमधून चढवल्या. रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रिनलिन भरून ठेवलं होतं, तेही सिस्टरांनीच. बाई वाचली. मला मात्र पहाटेपर्यंत घाम फुटलेला.

रँकचा भुकेला: बाई वाचली हे छान, पण सीट मिळाली का?

पीएचसीतला एमओ: नाही. पुन्हा बसतोय.

रँकचा भुकेला: तेच म्हणतोय मी.

कोकणी माणूस: विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून ज्यांनी माणसं वाचवली, ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या पीएचसीतच होते. पेशंटच्या उशाशी बसून शिकले ते.

रँकचा भुकेला: आणि मग पुण्याला जाऊन एमडी केलंच ना त्यांनी? अर्धीच गोष्ट सांगू नका.

कोकणी माणूस: केलं. आणि परत महाडलाच आले. पुढचं अर्धं सांगायचं तुमचं राहिलं.

निवृत्त सिस्टर: ट्रॉलीचं मुलगा खोटं बोलत नाही. वॉर्डबॉयच्या जागा भरत नाहीत, मग इंटर्नला जुंपतात. पण बाळा, ट्रॉली ढकलून झाली की पळू नकोस. रात्री दोननंतर वॉर्ड निवांत असतो, तेव्हा रेसिडेंट डॉक्टरच्या मागे लाग, टाके घालू देतात. सकाळच्या राउंडला कुणी तुझ्याकडे बघणारही नाही.

रँकचा भुकेला: बरं, शनिवारी नाईटला येतो. रविवारी ग्रँड टेस्ट, म्हणजे मोठी सराव परीक्षा, आहे, तीनला सोडा म्हणजे झालं.

रात्रपाळीवाला: लॉगबुक रूमवर ठेवून ये.