वय २५, खो-खोची प्रशिक्षक. "आधी चार पावसाळे बघा" म्हणतात, खरंच लागतात का?

सांगलीची_खेळाडू
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी मुलींना खो-खो शिकवते. विद्यापीठापर्यंत खेळले, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) सहा आठवड्यांचा कोर्स केला. साखळी, हुलकावणी, खांबावरचा सूर (खांबाच्या आधाराने पळणाऱ्या खेळाडूवर घेतलेली झेप), हे सगळं नीट शिकवता येतं.

अडचण वेगळीच आहे. चौदा वर्षांची एक मुलगी, संघातली सगळ्यात चपळ. हल्ली सूरच मारत नाही. वाऱ्यासारखी खांबापर्यंत येते, वाकते आणि ऐनवेळी अंग चोरते. कितीदा करून दाखवलं तरी तेच. परवा तिच्या वडिलांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, "मॅडम, तुम्हीच अजून लहान आहात. आधी चार पावसाळे बघा, मग पोरी घडवा." फार लागलं ते. आयुष्य पाहिल्याशिवाय चांगलं प्रशिक्षक होता येत नाही का?

दादरकर
ताई, मनाला लावून घेऊ नका. सचिनचे गुरू रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते, तोही स्टेट बँकेकडून. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, आणि शिष्य कोण कोण, ते सगळ्या देशाला ठाऊक आहे. कोणत्या पोराला कधी किती खेळवायचं, ही त्यांची नजर मैदानावर रोज उभं राहून आलेली होती.

निवृत्त_पीटी_सर
बाळ, उभा जन्म शाळेच्या मैदानावर गेला म्हणून लिहितो. अनुभव लागतो. पण तो वयाच्या दाखल्यावर मिळत नाही.

चंद्रकांत पंडित घे. १९९८-९९ ची रणजी अंतिम लढत, बंगळुरूचं चिन्नास्वामी. मध्य प्रदेशचे कर्णधार तेच. पहिल्या डावाची आघाडी हातात असताना कर्नाटककडून हरले. २०२२ मध्ये त्याच मैदानावर त्याच मध्य प्रदेशचे प्रशिक्षक म्हणून मुंबईला हरवून करंडक उचलला. हातातोंडाशी आलेला घास कसा जातो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नसणार. दुसरे अमोल मुजुमदार. १९८८ ला सचिन-कांबळीची ६६४ ची भागी चालू होती, तेव्हा हा मुलगा पॅड बांधून पुढच्या नंबरची वाट बघत बसला होता. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, भारताची टोपी मात्र मिळाली नाही. २०२५ च्या विश्वचषकात आपल्या मुली लागोपाठ तीन सामने हरल्या, तेव्हा त्यांच्यामागे हा माणूस प्रशिक्षक म्हणून उभा होता. वाट बघणं म्हणजे काय ते त्याला पुरतं ठाऊक. मुलींनी नवी मुंबईत कप जिंकला तेव्हा मी टीव्हीसमोर रडलो.

याच्या उलटही पाहिलंय. राष्ट्रीय खेळलेले गृहस्थ, मैदानावर आले की "आमच्या वेळी" सुरू. समोरची पोरगी लंगडतेय, तिकडे लक्ष नाही. अनुभव भरपूर, पण सगळा स्वतःपुरता.

आता तुझ्या मुलीकडे वळू. आमच्याकडे अशीच एक होती. पाठलाग करताना सुसाट, सूर मारायची वेळ आली की थांबायची. पुरुष शिक्षक तिला धीट करायच्या मागे लागले. एक तरुण बाई नव्याने रुजू झाल्या होत्या, त्यांनी पाचच मिनिटं पाहिलं. मुलगी दर दोन पावलांना टी-शर्ट मागून खाली ओढत होती आणि मैदानावरच्या चौकात बसताना गुडघे घट्ट जुळवत होती. बाईंनी तिला बाजूला घेतलं. पाळी नुकतीच सुरू झालेली. सूर मारला आणि डाग दिसला तर, ही धास्ती. गडद रंगाची पँट, जास्तीचे पॅड आणि शाळेत कपडे बदलायला एक बंद खोली, एवढ्यावर काम झालं. त्या बाई तुझ्याच वयाच्या होत्या. त्यांच्याजवळ जो अनुभव होता तो आमच्या टक्कल पडलेल्या एकाही डोक्यात नव्हता. तुझ्याजवळ तो आहे.

तुझ्या मुलीचं कारण हेच असेल असं नाही. खांबाजवळची जमीन कडक झालीय का बघ, जुना मार आहे का विचार. पण विचार एकटीला, सराव संपल्यावर, चालता चालता. समोर उभं करून विचारलंस तर "काही नाही मॅडम" एवढंच येईल.

नेमबाज_कोल्हापूर
सरांचं पटतं, तरी एक भर घालतो. मोठ्या स्पर्धेचा दाब स्वतः झेललेला माणूस पाठीशी असला की फरक पडतोच. आमच्या राधानगरी तालुक्यातल्या नेमबाज स्वप्नील कुसाळेला घडवणाऱ्या दीपाली देशपांडे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्वतः उतरल्या होत्या. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत स्वप्नील सुरुवातीला मागे होता, तिथून तिसरा आला. ताई, राज्य स्पर्धेला जाताना एखादी जुनी राष्ट्रीय खेळाडू सोबत न्या. त्यात कमीपणा नाही.

सांगलीची_खेळाडू
सर, टी-शर्ट ओढण्याचं वाचलं आणि अंगावर काटा आला. हीसुद्धा ओढते. उद्या बोलते तिच्याशी. पण वडील पुन्हा आले तर काय सांगू?

निवृत्त_पीटी_सर
मुलगी तुला जे सांगेल ते तिच्या परवानगीशिवाय वडिलांना सांगायचं नाही, हे पहिलं. आणि त्यांच्याशी वाद घालू नकोस. शनिवारच्या सरावाला बोलव, हातात घड्याळ दे, खेळातल्या आक्रमण-संरक्षणाच्या पाळ्यांची वेळ लावायला सांग. तासभर तुझं काम बघू दे त्यांना. मुलीच्या आईला मात्र आधी भेट, घरी जाऊन.