अनुभव धागा: १९५० ते ६० मधलं तुमचं थेटर

मंडळी, जुन्या सिनेमांचा विषय निघाला की सगळे नट आणि गाण्यांवरच बोलतात. मला ऐकायचंय ते वेगळंच, म्हणजे तुम्ही बसायचात कुठे, तिकीट कितीचं, बरोबर कोण असायचं, घरी काय सांगून जायचात. आईवडिलांकडून ऐकलेलं असेल तरी लिहा, चालेल.

*

आमच्याकडे कऱ्हाडच्या बाजूला जत्रेत टूरिंग टॉकीज यायची. दुपारपासून गाडीवर कर्णा लावून एकजण ओरडत गावभर फिरायचा आणि आम्ही पोरं गुलाबी हँडबिलं पकडायला मागे. खेळ अंधार पडल्यावरच, कारण तंबूच्या भोकांतून उजेड आला की पडद्यावर काही दिसायचंच नाही. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागायचे, लोक बिड्या पेटवायचे, कोणीतरी बाहेर जाऊन भजी घेऊन यायचा तोवर पुढचं रीळ सुरू आणि मग याच्या पाठीवर पाय, त्याच्या मांडीवर पाय. जमिनीवरच बसायचं, बायका एका बाजूला आणि मध्ये दोरी. पडद्याच्या मागच्या बाजूला पण लोक बसायचे, तिथलं तिकीट स्वस्त, म्हणून आम्ही कायम मागेच. तिकडून नावं उलटी दिसायची, पण वाचता कोणाला येत होतं! तलवारीवाले सगळे हिरो डावखुरे असतात असं मला शाळा संपेपर्यंत वाटत होतं.

*

डावखुरे हिरो 😂 काका, भारीच!

*

आम्ही लालबागचे. पगाराच्या दिवशी भारतमाताला पाय ठेवायला जागा नसायची, पहिली पाळी सुटली की गिरणीतून थेट रांगेत, केसात कापूस तसाच. वडील मला खांद्यावर घ्यायचे म्हणजे तिकीट लागायला नको, आणि डोअरकीपर आमच्याच चाळीतला होता तो बघून न बघितल्यासारखं करायचा. ढेकणांबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून? खुर्चीवर वर्तमानपत्र पसरून बसायचो तरी घरी आल्यावर आई आधी कपडे झटकायला लावायची.

*

१ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले तेव्हाची गंमत सांगतो. सोळा आण्यांचा रुपया होता तो शंभर पैशांचा झाला, त्यामुळे आण्यांचा हिशोब काही नीट बसेना. आणे-पैसे बदलायच्या तक्त्यात तीन आण्यांचे १९ नये पैसे आणि सहा आण्यांचे ३७. म्हणजे तीन आण्यांची दोन तिकिटं एकदम मागितली तर ३७ आणि दोघांनी वेगवेगळी काढली तर ३८! आमच्या गावच्या खिडकीवर या एका पैशावरून रोज हुज्जत. लोक अनोळखी माणसाला म्हणायचे, चला हो जोडीने काढू. आत पहिली घंटा झालेली असायची आणि बाहेर अजून हे चालूच.

*

बायकांच्या बाजूने पण लिहिते थोडं. पुण्यात आम्ही दुपारच्या खेळाला जायचो, आजी, काकू, शेजारच्या दोघी आणि कडेवरची पोरं. मंडईजवळच्या आर्यनला जास्त, आता तिथे गाड्या लावतात. पोर रडलं की मागून पुरुष ओरडणार, "ओ बाई, बाहेर घ्या त्याला", आणि आमची काकू तिथूनच उलट उत्तर देणार, निम्मा सिनेमा त्यातच जायचा. १९५३ ला अत्र्यांचा 'श्यामची आई' आला तेव्हा मात्र कोणीच कोणाला ओरडलं नाही, पुरुषच नाक शिंकरत होते. आमचे आजोबा घरी येऊन म्हणाले, धूर फार होता आत. (धूर होताच म्हणा, विड्या काय कमी ओढायचे का.)

*

माझे वडील ऑपरेटर होते त्यामुळे मी सिनेमे केबिनच्या छोट्या खिडकीतून बघितलेत, आवाज मशीनचाच जास्त. तेव्हा बल्ब नव्हता, दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून उजेड करायचे. कांडी जळत जाते तशी पुढे सरकवावी लागते, जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळट आणि खालून लगेच "एऽऽ लाइट!" अशी बोंब. फिल्म तुटली की शिट्ट्या, शिव्या, आणि वडील शांतपणे ब्लेडने टोक खरवडून सिमेंट (म्हणजे फिल्म चिकटवायचा द्रव) लावून जोडणार, प्रत्येक वेळी एखाद-दोन फ्रेम जायच्याच. म्हणून तालुक्याला येईपर्यंत प्रिंटमधून गाण्याची अर्धी ओळ सुद्धा गायब असायची. वरून एकच प्रिंट दोन थेटरांत, तिकडचं संपलेलं रीळ सायकलवरून पोरगा घेऊन यायचा. तो उशिरा आला की आमच्याकडे स्लाइडा, साबणाच्या आणि शिंप्याच्या दुकानाच्या.

*

'नागिन' कोणी बघितलाय का थेटरात? बीन वाजली की आमच्याकडे लोक अंगात आल्यासारखे डोलायचे, पैसे फेकायचे. खरा साप निघाला होता अशी पण अफवा होती, आम्ही पाय वर घेऊन बसलो होतो.

*

अहो ती बीन खरी नव्हतीच, संगीतकार कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या पेटीवर वाजवली होती. सापाला फसवलं 😀

*

सापाचं जाऊ द्या, पडलेले पैसे कोण वेचायचं ते सांगा. आमच्या इथे झाडूवाल्याआधी आम्हीच पुढे!