प्रतिसाद: टाकी मोठी की लहान?

बॉल पायथनला (घरी पाळतात तो छोटा आफ्रिकन अजगर) राहायला मोठी टाकी द्यावी की लहान, यावर वर दोघांनी लिहिलंय की मोठ्या टाकीत तो घाबरतो आणि खाणं सोडतो. अर्धवट पटलं. तो मोकळेपणाला घाबरतो, आकाराला नाही. आफ्रिकेत हा प्राणी दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात दडून असतो. त्यामुळे टाकीच्या गरम आणि थंड अशा दोन्ही बाजूंना अंगालगत बसतील अशा लपायच्या जागा दिल्या आणि मधे खोटी पानं दाटीने भरली, की मोठी टाकीही चालते.

पण कुणीच न बोललेली गोष्ट म्हणजे दमट हवा. आम्ही अमेरिकेतल्या थंड मिनेसोटात राहतो. जानेवारीत साप आणला, टाकीही त्याच दिवशी मांडली (उत्साह!). घरातल्या हीटिंगने हवा आधीच कोरडी, त्यात टाकीचं झाकण जाळीचं. आर्द्रता 30 टक्क्यांच्या वर जाईना, हवी असते साधारण 60 ते 80. पहिली कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, डोळ्यावरची तर तशीच राहिली. पाच आठवडे उंदराला तोंड लावलं नाही. शेवटी जाळीचा बराचसा भाग फॉइलने झाकला, खाली नारळाच्या सोडणाचा भुसा चार इंच भरून कोपऱ्यांतून पाणी ओतलं, तेव्हा कुठे पुढची कात मोज्यासारखी अख्खी निघाली. तेव्हा साप आणण्याआधी टाकी आठवडाभर रिकामीच चालवून बघा, आर्द्रता टिकते का ते. आणि हीट मॅट (टाकी गरम ठेवणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आटोक्यात ठेवणारं यंत्र) लावू नका, पोट भाजतं सापाचं.