ब्राउनिंगच्या ड्यूकसाठी एक शब्द हवाय
नमस्कार मंडळी, इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगची १८४२ सालची ‘माय लास्ट डचेस’ ही कविता मराठीत आणतेय आणि एका जागी अडकलेय.

कवितेतला इटलीतल्या फेराराचा ड्यूक मेलेल्या बायकोच्या चित्रावरचा पडदा दुसऱ्या कुणाला सरकवू देत नाही. तिचा गुन्हा काय, तर मावळता सूर्य, चेरीची फांदी, पांढरं खेचर, सगळ्यानंच ती सारखी हरखायची. त्याचं नऊशे वर्षांचं घराणंही त्याच रांगेत! काटा येतो अंगावर. तिला समजावणंसुद्धा त्याला ‘स्टूप’ होणं, म्हणजे आपल्या पायरीवरून खाली वाकणं वाटतं. ‘झुकणं’ फार नम्र. ‘कमीपणा घेणं’ जवळचं, पण त्यात वाकलेली मान दिसत नाही. तुम्ही काय वापराल?

आणि हे सगळं तो नव्या सोयरिकीसाठी आलेल्या दूतालाच का ऐकवतो? मला तरी ती धमकीच वाटते. तुम्हाला?